पहिलं प्रदर्शन लावताय? आधी भिंत मोजून या

मागच्या महिन्यात खानापूरची एक मुलगी आपली चित्रं घेऊन माझ्याकडं आली. चौदा कॅनव्हास, आईच्या जुन्या इरकलीत बांधलेले. मलप्रभेचं पाणी, भाताची खाचरं, जांबोटीकडचा पाऊस. एकेक चित्र भिंतीला टेकवून बघता बघता मला बोलायला सुचेना, इतकं चांगलं काम होतं. शेवटी तिनंच विचारलं, "अक्का, हे लोकांपुढं मांडायचं तर सुरुवात कुठून करायची?" त्या दिवशी दोन तास बोललो, तरी निम्मं राहून गेलं. ते सगळं इथं लिहून काढते. तिच्यासारखे आणखी कितीजण निपाणीत, चिकोडीत, हुक्केरीत माळ्यावर चित्रं ठेवून बसले असतील.

मी बेळगावातल्या शहापूरची, विणकराच्या घरातली. लहानपणी सुताच्या कांड्या भरल्या, पुढं शाळेत चित्रकला शिकवली, शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे रंगवले आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढली. माझ्या चित्रांत माग असतो, आडवं सूत नेणारा धोटा असतो, सुताच्या लडी असतात. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, बेंगळूर आणि मुंबईत प्रदर्शनं करून झाली. आमच्या घरात साडी मागावरून उतरली म्हणजे काम संपलं असं कुणी मानत नसे. तिची घडी, गाठोडं, पेठेपर्यंतची वाट, गिऱ्हाइकापुढं ती उलगडून दाखवणं, हे सगळं विणकामातच धरलं जाई. चित्र दाखवण्याचंही तसंच आहे. ते हाताचं काम आहे आणि त्याला चित्राइतकाच वेळ द्यावा लागतो.

आधी घरच्या गावात

पहिलं प्रदर्शन थेट मुंबईत लावायचं असं अनेकांच्या मनात असतं. मी सांगेन, पहिलं बेळगावातच लावा. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाचं के. बी. कुलकर्णी कलादालन आहे. ज्यांचं नाव त्या दालनाला दिलंय, त्या कुलकर्णी सरांनी या गावात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या. रवी परांजपे बेळगावात जन्मले, सरांच्या हाताखाली शिकले आणि मग बाहेर पडले. त्यामुळं आपल्या गावात चित्र बघणारे जाणते डोळे आहेत. एखादे पांढऱ्या केसांचे गृहस्थ चित्रापुढं थांबून "मनगट जरा आखूड झालंय बघा" म्हणाले, तर वही काढा आणि लिहून घ्या. असं बोलणारा माणूस मोठ्या शहरात सहज भेटत नाही.

हॉल ठरवायला जाताना चित्रं नेऊ नका. मोजपट्टी, वही आणि पेन्सिल न्या. भिंतीची लांबी मोजताना दारं, खिडक्या, स्विचबोर्ड आणि पंख्याचे रेग्युलेटर वगळा. समजा अशी वापरता येणारी भिंत ८० फूट भरली, म्हणजे ९६० इंच. तुमची २० चित्रं सरासरी २८ इंच रुंद असतील तर ५६० इंच चित्रांनाच गेले. उरले ४००. म्हणजे दोन चित्रांमध्ये साधारण २० इंच मोकळी जागा, आणि ती हवीच. त्याच भिंतीवर ३० चित्रं बसवायला गेलात तर मध्ये चारच इंच राहतात. मग एक चित्र बघताना शेजारचं डोळ्यात घुसतं आणि दोन्ही मरतात. कुठलं चित्र घ्यायचं आणि कुठलं घरी ठेवायचं, हा सगळ्यात जड निर्णय या हिशोबानं हलका होतो.

तिथंच आणखी दोन गोष्टी विचारा. भिंतीला खिळा मारू देतात की वरून पट्टी आणि दोरी आहे? आणि दिवे हलवता येतात का? दिवा समोरून सरळ पडला तर तैलरंगावर चकाकी येते आणि काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. तो वरून, तिरका पडला पाहिजे. संध्याकाळी सहानंतर एकदा जाऊन हॉल बघून या. दिवसा बरा वाटलेला हॉल रात्री पिवळट दिसतो असा माझा अनुभव आहे.

तारीख

बेळगावात तारीख ठरवणं हे वेगळं शास्त्र आहे. जून ते सप्टेंबर विसरा. तो आपला पाऊस, ओल सुटलेल्या भिंती आणि भिजत आलेली माणसं. त्यातच गणपती. इथं १९०५ पासूनचा सार्वजनिक उत्सव आहे, त्या दिवसांत तरुण पोरं मंडपात असतात. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आगंमागं गावाचं मन दुसरीकडं असतं, रस्ते बंद असतात. इथं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागलं की हॉटेलं भरतात, पोलिसांचे अडथळे लागतात, बाहेरगावचा पाहुणा बोलवायची सोय राहत नाही. मार्च परीक्षांचा. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, तेव्हा आमच्यासारखे रंगारी रात्र रात्र पडद्यांवर असतात. मला नेहमी जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा लाभला आहे. हवा कोरडी असते, संध्याकाळी माणसं फिरायला बाहेर पडतात. शुक्रवारी उद्घाटन, रविवारी रात्री समारोप. तीन दिवस पुरतात.

फोटो मात्र पावसाळ्यात

पाऊस प्रदर्शनाला नको, पण फोटोला त्याच्यासारखा उजेड नाही. जुलैत आभाळ भरून आलं की सकाळी दहाच्या सुमाराला पडवीत किंवा गॅलरीत चित्र उभं करा. ढगांतून गाळून आलेला तो उजेड सगळीकडं सारखा पडतो, सावली पडत नाही. फ्लॅश लावू नका. काच बसवण्याआधीच फोटो काढा. कॅमेऱ्याची भिंग चित्राच्या बरोबर मध्यावर, तेवढ्याच उंचीवर धरा. फोन वापरत असाल तर जवळ जाऊ नका, चार पावलं मागं या आणि थोडं झूम करा. जवळून घेतला की कडा फुगतात आणि चौकोनाचं पोट सुटतं.

रंग जुळवण्यासाठी एका फोटोत चित्राशेजारी साधं राखाडी कार्ड ठेवा. आपल्या भागातल्या चित्रकारांना हे विशेष सांगते, कारण आपल्या कॅनव्हासवर तांबडी माती हमखास असते आणि फोन त्या तांबड्याचा केशरी करतो. फोटो बघून एक गृहस्थ हुबळीहून आले होते. समोर चित्र बघून म्हणाले, "हे तेच का?" रंग मूळ चित्रात खोल होता, फोटोत भडक. त्यांनी चित्र घेतलं नाही आणि चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून फोटो दुरुस्त करताना मी मूळ चित्र शेजारी ठेवून बसते.

प्रत्येक चित्राचे तीन फोटो ठेवा: पूर्ण चित्र, ब्रशचे फटकारे दिसतील असा एक जवळचा तुकडा, आणि चित्राशेजारी माणूस उभा असलेला. तिसऱ्यावरून आकार कळतो. व्हॉट्सॲपवर गॅलरीला किंवा छापखान्याला फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसतो आणि छापल्यावर फुटतो.

लोकांना दाखवायला प्रदर्शनाच्या सहा आठवडे आधी सुरुवात करा. तीन-चार दिवसांनी एक चित्र आणि त्याखाली दोन ओळी, आपल्या भाषेत. इन्स्टाग्रामवर सगळे इंग्रजीत लिहितात म्हणून आपणही लिहायचं असं नाही. "सुळेभावीच्या वाटेवर उसाला तोड लागली होती, तेव्हाचा उजेड" एवढं लिहिलं तरी माणूस थांबतो. सगळी चित्रं आधी दाखवू नका. सगळ्यात जवळची पाच हॉलसाठी राखून ठेवा. वर्तमानपत्रांना आठ दिवस आधी एक पानाचं निवेदन आणि दोन फोटो द्या. 'तरुण भारत'ला द्या, कन्नड दैनिकांनाही द्या. कुणीतरी ओळखीचं असावं लागतं असं म्हणतात, पण मी दर वेळी पायऱ्या चढून स्वतः कागद दिला आहे आणि बहुतेक वेळा बातमी आली आहे.

चौकट, ओल आणि प्रवास

चौकटीबद्दल माझं मत ठाम आहे: साधी घ्या, एकसारखी घ्या. नक्षीची सोनेरी चौकट चित्राची किंमत वाढवत नाही. कॅनव्हासला काच नको. जलरंगाला काच हवी, पण कागद काचेला चिकटता कामा नये, मध्ये माउंट बोर्डाची, म्हणजे कडेनं बसवलेल्या जाड पुठ्ठ्याची, जाडी पाहिजेच. माझी चार जलरंगं एका पावसाळ्यात काचेला चिकटली. सोडवताना निळा रंग काचेवर राहिला. चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. साठवताना कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा चित्रं बाहेर काढून बघा. जांबोटी-खानापूरकडं राहणाऱ्यांनी पंधरा दिवसांतून एकदा. तैलचित्रावर व्हार्निश लावायची घाई करू नका. वरून वाळलेलं चित्र आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं.

गाडीत चित्रं नेहमी उभी ठेवा, आडवी एकावर एक कधीच नाही. चौकटींची तोंडं एकमेकांकडं, पाठी एकमेकांकडं, मध्ये पुठ्ठा. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण. आणि हे नीट ऐका: बबल रॅप रंगाला लावू नका. मे महिन्यात मी ॲक्रिलिकची सहा चित्रं बबल रॅपमध्ये गुंडाळून रात्रीच्या बसच्या डिकीतून मुंबईला नेली. ॲक्रिलिकचा रंग उष्णतेनं मऊ पडतो. सकाळी उघडली तेव्हा दोन चित्रांवर बुडबुड्यांचे गोल ठसे उमटले होते. मी तिथं फरशीवर बसून रडले. आता रंगावर आधी सिलिकॉन लावलेला कागद घालते, बेकरीत केकखाली घालतात तो, मग पातळ फोम, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. मोठा कॅनव्हास गुंडाळून न्यायचा असेल तर जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंगाच्या थराला सुरकुत्या पडतात.

कोगनोळीच्या पुढं गेलं की राज्य बदलतं. गाडीत चित्रांची यादी ठेवा: क्रमांक, नाव, आकार, किंमत, आणि वर 'प्रदर्शनासाठी' असं लिहून सही. ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचा, प्रश्न येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पण नोंदणी कुणाला लागते, परराज्यात विकलं तर काय, हे आपल्या सीएला एकदा बसून विचारा. सीमेवरच्या माणसाला हा खर्च टाळता येत नाही. तसंच स्पर्धा आणि सरकारी प्रदर्शनांच्या अर्जात रहिवासाची अट असते का, हे पैसे भरण्याआधी वाचा.

किंमत

बहुतेकांना इथं घाम फुटतो. मी चौरस इंचावर हिशोब करते. समजा दर १५ रुपये. २४ बाय ३० इंचाचं चित्र म्हणजे ७२० चौरस इंच, किंमत १०,८००. चौकट वेगळी मिळवा. छोट्या चित्राला दर थोडा जास्त ठेवा, कारण मेहनत आकारासारखी घटत नाही. या पद्धतीचा फायदा असा की कुणी "हे एवढं का आणि ते तेवढं का" विचारलं की उत्तर तयार असतं. दर वर्षाला थोडा वाढवा, पण कमी कधी करू नका. आज घेणाऱ्याला उद्या तेच काम स्वस्तात दिसलं तर त्याचा विश्वास जातो.

आणि बेळगावात एक, मुंबईत दुसरी अशी किंमत ठेवू नका. खाजगी गॅलऱ्या विक्रीवर ३० ते ५० टक्के घेतात. ते गृहीत धरूनच मूळ किंमत ठरवा. घरी येऊन "गॅलरीचं वजा करून द्या" म्हणणारे येतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

एक वही करा. क्रमांक, नाव, वर्ष, माध्यम, आकार, किंमत, कुणाकडं आहे. चित्राच्या मागं तोच क्रमांक लिहा. माझ्या पहिल्या दहा वर्षांच्या चित्रांपुढं 'कुणाकडं आहे' हा रकाना कोरा आहे. बाबांचं मागावर बसलेलं एक चित्र मी कुणाला दिलं ते मला आठवत नाही. आता बाबा नाहीत, आणि ते चित्र एकदा तरी बघायला मिळावं असं फार वाटतं.

गॅलरीत चित्रं ठेवून येताना दोन प्रतींत यादी करा आणि त्यांची सही घ्या: कुठली चित्रं, कोणत्या अवस्थेत, किती दिवसांसाठी, विकल्यावर पैसे किती दिवसांत. एका शहरातल्या एका गॅलरीत मी तोंडी विश्वासावर तीन चित्रं ठेवली. दोन वर्षांनी परत मिळाली, एकाचा कोपरा फाटलेला. कागद नव्हता, काय बोलणार?

चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडंच राहतो, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. विकत घेणाऱ्यानं ते कॅलेंडरवर छापायचं तर तुम्हाला विचारलं पाहिजे. मात्र कुणी पैसे देऊन स्वतःचं किंवा आईवडिलांचं व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइट त्या काढून घेणाऱ्याचा होतो. व्यक्तिचित्रांची कामं घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून चार ओळींचा करार करावा.

लावण्याचा दिवस

चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर आला पाहिजे, सगळ्यांचा, लहान असो की मोठं. खिळा कुठं मारायचा? ५८ मध्ये चित्राची निम्मी उंची मिळवा आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं वजा करा. ३० इंच उंचीचं चित्र, तार चार इंच खाली: ५८ अधिक १५ वजा ४, म्हणजे ६९ इंचांवर खिळा. एकदा हे जमलं की सुतारमामांनाही सांगावं लागत नाही, ते स्वतःच मोजायला लागतात.

खिळे मारण्याआधी सगळी चित्रं भिंतीखाली जमिनीवर मांडा आणि हॉलच्या मध्ये उभं राहून अर्धा तास नुसतं बघा. दारातून शिरल्यावर समोर जे दिसतं तिथं सगळ्यात शांत चित्र लावा, सगळ्यात भडक नको. भडक चित्र माणसाला तिथंच थांबवतं आणि पुढचं फिकं वाटायला लागतं.

आता चित्राखालच्या पट्टीबद्दल. नाव, माध्यम, आकार (आधी उंची, मग रुंदी), वर्ष. आणि बेळगावात ही पट्टी मराठी आणि कन्नड, दोन्हींत हवी. माझ्या दुसऱ्या प्रदर्शनात पट्ट्या फक्त मराठीत होत्या. खासबागचे एक वृद्ध विणकर नातवाला घेऊन आले होते. धोट्याच्या चित्रापुढं ते बराच वेळ थांबले, मग नातवाला म्हणाले, वाच. नातू इंग्रजी शाळेतला, त्याला मराठी येईना. आजोबा कन्नड. दोघंही पट्टीकडं बघत राहिले. ज्या माणसाचं आयुष्य मी रंगवलं होतं, त्यालाच मी चित्राचं नाव सांगितलं नव्हतं. मी पुढं होऊन 'धोटा' म्हटलं, त्यांनी हातानं धोट्याची फेक करून दाखवली आणि म्हणाले, "लाळी." मागाला ते 'मग्ग' म्हणतात. दोन शब्दांत एका अक्षराचं अंतर. निघताना म्हणाले, "भाळ चलो ऐति," म्हणजे फार छान आहे. त्याच रात्री शेजारच्या कन्नड शिकवणाऱ्या बाईंना उठवलं, त्यांनी सगळ्या पट्ट्या कन्नडात लिहून दिल्या आणि सकाळी हॉल उघडायच्या आत आम्ही त्या चिकटवल्या. तेव्हापासून हे मी कधी चुकवलं नाही. या गावात राहून दोन भाषांतली माणसं चित्रं बघायला येतात, हे आपलं भाग्य आहे.

उद्घाटनाचं भाषण १५ मिनिटांत संपवा. माझ्या पहिल्या प्रदर्शनाला मान्यवर पाच आणि भाषणं दोन तास. संपेपर्यंत साडेआठ झाले, लोक शेवटच्या बसच्या काळजीनं चित्रं न बघताच गेले. पुढच्या वेळी मी माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी दिवा लावला, दोन वाक्यं बोलल्या आणि सरळ चित्रांकडं वळल्या. बाकीचे त्यांच्यामागून. चहा आणि कुंदा हॉलच्या बाहेर ठेवा. तुपाचे हात कॅनव्हासला लागले की डाग निघत नाही.

तिन्ही दिवस तुम्ही स्वतः हॉलमध्ये पाहिजे. खुर्चीत बसून फोन बघत राहू नका. कुणी आल्या आल्या समजावूनही सांगू नका, त्यांना एक फेरी स्वतःची घेऊ द्या. दुसऱ्या फेरीत माणूस एखाद्या चित्रापाशी परत येतो, तेव्हा जवळ जा. "याचा अर्थ काय?" असं विचारलं तर अर्थ सांगण्याच्या भानगडीत पडू नका, तुम्ही काय बघितलं होतं ते सांगा. "पहाटे माग सुरू व्हायच्या आधी ताण्याच्या उभ्या सुतांवर खिडकीतला उजेड पडायचा, तो इतका पातळ असायचा" असं. बोलणं आपोआप सुरू होतं. अभिप्रायाच्या वहीत नाव, गाव आणि फोनसाठी रकाने आखून ठेवा.

बाहेर पडताना

दोन प्रदर्शनं घरी झाली की बाहेर पडा. कोल्हापूर सगळ्यात जवळ, दसरा चौकातलं शाहू स्मारक भवनाचं कलादालन चांगलं आहे, आणि बाबूराव पेंटर, आबालाल रहिमान यांच्या गावात चित्र लावताना हात थोडा थरथरतो, तो थरथरू द्या. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन. बेंगळूरला कर्नाटक चित्रकला परिषदेची चित्रसंते जानेवारीतल्या एका रविवारी कुमार कृपा रोडवर भरते. २००३ पासूनची ही एका दिवसाची जत्रा, रस्त्याच्या कडेला चित्रकार आणि समोर माणसांची रांग. संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलात की सकाळी बेंगळूर. तिथं छोटी, हातात धरून नेता येतील अशी चित्रं जास्त जातात. मोठी नेऊन मी ती तशीच परत आणली.

मुंबईचं जहांगीर कलादालन १९५२ चं. ते उभं राहावं म्हणून सर कावसजी जहांगीरांकडं ज्यांनी शब्द टाकला त्यांत चित्रकार के. के. हेब्बर होते, उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे. तिथं प्रदर्शन मंगळवार ते सोमवार, रोज सकाळी ११ ते संध्याकाळी ७. अर्जासोबत कामाचे फोटो द्यावे लागतात, निवड होते, आणि निवड झाल्यावरही वर्षानुवर्षं थांबावं लागतं. म्हणून अर्ज आज करा, तयारी थांबताना होते. दरम्यान बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या जुन्या संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांना एक-दोन चित्रं पाठवत राहा. १८८८ ची संस्था आहे ती, तिथं चित्र लागलं की पुढच्या अर्जात लिहायला एक ओळ मिळते.

मुंबईला सात दिवस राहावं लागतं, त्याचा खर्च आधी मांडा: हॉलचं भाडं, गाडी, राहणं, जेवण, छपाई. एकटीला झेपत नसेल तर तिघांनी मिळून समूह प्रदर्शन करा. मी दोन मैत्रिणींबरोबर केलं होतं. एक चित्रांपाशी, एक चहाला, एक विश्रांतीला, अशी पाळी लावली होती.

प्रदर्शन उतरवताना खिळ्यांची भोकं स्वतः पुट्टीनं बुजवा. हॉलवाले पुढच्या वेळी तारीख देताना ते लक्षात ठेवतात. घरी आल्यावर चित्रं लगेच सोडा, दोन दिवस मोकळ्या हवेत उभी ठेवा, कुठं खरचटलंय ते वहीत लिहा. मग पंधरा दिवसांच्या आत अभिप्रायाच्या वहीतले फोन लावायला बसा. जे एखाद्या चित्रापाशी परत परत आले होते त्यांना आधी. "ते चित्र अजून आहे, घरी येऊन सावकाश बघायचं असेल तर या" एवढंच म्हणा. माझी तीन मोठी चित्रं अशी शहापुरातल्या माझ्या माडीवरून, प्रदर्शन संपल्यावर महिन्याभरानं गेली.